टेपवाल्या बाई

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात आबा पंचवीस वर्षं सरपंच होते. पुढं आरक्षण पडलं, खुर्ची गेली, पण माणसं निवाड्याला त्यांच्याच सोप्यात येऊन बसायची. बांध कुणी कोरला, पाळीचं पाणी रात्रीत कुणी फिरवलं, कुणाच्या उसाला कुणी काडी लावली, हे आबांना पान लावून होईस्तोवर कळायचं. पोलीस पाटीलसुद्धा आधी आबांकडं चक्कर टाकायचा. आबांनी एकदा बोट दाखवलं की विषय मिटला. गावालाही ते सोयीचं होतं. दोषी सापडला की बाकीच्यांना घरी जाऊन निवांत जेवता येतं.

वीसेक वर्षांपूर्वी मळ्यातल्या वस्तीवर कडबाकुट्टीत एका सात वर्षांच्या पोरीची दोन बोटं गेली. आई वाड्याच्या पेंड्या आणायला उसात गेली होती. थोरला भाऊ चाक फिरवत होता आणि ही आईसारखीच पेंडी सारत होती. सांगलीला सिव्हिलला नेली. जखम भरली, बोटं काही परत आली नाहीत. आबा वस्तीवर गेले, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मशीन उघडं टाकून आई गेलीच कशी?" झालं. त्या दिवसापासून ती माउली गावातून मान खाली घालून चालायला लागली. संक्रांतीला कुणाकडं वाण द्यायला गेली नाही. नवऱ्यानं महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं. पोरीच्या हातावरची पट्टी सुटली तरी आईच्या तोंडावरची कळा गेली नाही.

पंधरा दिवसांनी मिरजेहून एक डॉक्टर आल्या. वय तिशीच्या आत, माहेर वाईकडचं. दवाखाना काढून बसायचं सोडून त्या गावोगाव हिंडून पोरांना लागतं कशानं, याचा अभ्यास करायच्या. आबांना वाटलं सरकारी चौकशी आली, म्हणून ते फेटा बांधून हजर झाले. बाईंनी पिशवीतून गवंड्याकडं असतो तसा लोखंडी टेप काढला आणि मशीनसमोर चक्क मातीत बसल्या.

चारा सारायचं तोंड जमिनीपासून किती वर? पोरगी उभी कुठं होती? हात उजवा की डावा? तोंडापासून रुळापर्यंत अंतर किती? पोरीलाच जवळ बोलावून त्यांनी तिचा कोपरापासूनचा हात मोजला. तोंड बरोबर तिच्या छातीच्या उंचीला होतं, आणि तोंडापासून रुळापर्यंतचं अंतर तिच्या कोपरापासूनच्या हातापेक्षा कमी. म्हणजे पेंडीचं शेवटचं टोक आत सारायला गेली की बोटं रुळाला लागणारच. रुळानं ती ओढून पात्याखाली द्यायची, एवढंच काय ते राहिलं होतं. बाईंनी सगळे आकडे वहीत उतरवले.

आबांना राहवेना. "बाई, ते समदं खरं. पर चूक कुणाची, ते लिवलंच न्हाई तुमी."

"त्याला वहीत रकानाच नाही, आबा."

आबा हसले. शिकलेल्या माणसाचं हे असंच, असं त्यांना वाटलं.

वहीतले ते रकाने बाईंनी स्वतः पाडलेले नव्हते. विल्यम हॅडन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरनं ते पाडले. 1966 मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं रस्ता सुरक्षेचं खातं उभं केलं, त्याचा हा पहिला प्रमुख. अपघात म्हणजे नशीब किंवा बेफिकिरी, हे त्याला पटत नव्हतं. अंगाला सोसवणार नाही इतकी ऊर्जा एकदम अंगात शिरली की इजा होते, एवढंच तो धरून चालला. ती ऊर्जा लोखंडाची असेल, उकळत्या पाण्याची असेल, धावत्या गाडीची असेल. मग त्यानं तक्ता केला: घडण्याआधी, घडताना, घडल्यानंतर, आणि प्रत्येक वेळी माणूस, वस्तू, भोवताल. नऊ घरं. आपल्याकडं सगळा गाव आणि सगळं पोलीस ठाणं त्यातल्या एकाच घरात दाटीवाटीनं बसतं, 'माणूस, घडण्याआधी'. उरलेली आठ घरं मोकळी पडलेली असतात.

पुढं हॅडन ज्या संस्थेचा अध्यक्ष झाला, त्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीत एक भारतीय तरुण काम करत होता, दिनेश मोहन. पवईच्या आयआयटीतून 1967 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन तिकडं गेलेला. उंचावरून पडलेल्या लहान मुलांचं डोकं किती मार सोसतं, याचा त्यानं तिथं अभ्यास केला. 1979 मध्ये तो परतला, तो दिल्लीच्या आयआयटीत. गाड्या आणि हेल्मेट यांवर काम करणारा हा माणूस हरियाणातल्या खेड्यांत जाऊन बसला, आणि तिथं त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना पोरांची बोटं नेणारी कडबाकुट्टी भेटली. पोरांना समजवा, आयांना समजवा, हा मार्ग त्यांनी धरला नाही. काम झालं की चाक जागेवर रोखणारी खीळ, पात्यापुढं आडोसा, असले साधे फेरफार करून त्यांनी मशीनच बदलायला घेतलं. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांनी रस्ते अपघातांवर जो मोठा अहवाल काढला, त्याच्या संपादकांत मोहन यांचं नाव आहे. पण मिरजेच्या बाईंना मोहन भेटले ते कडबाकुट्टीतून.

बाईंनी गावच्या लोहाराला गाठलं. चारा सारायची पत्र्याची पन्हळ हातभर लांब झाली, चाकाला खीळ बसली. पाहून पाहून आणखी दहाबारा घरांनी करून घेतली. आईवरचा ठपका मात्र होता तिथंच राहिला. तो काढायला लोहार पुरला नसता.

बाईंची ही टेपची खोड जुनी होती, आणि ती साताऱ्याकडची. जानेवारी 2005 मध्ये मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा त्या नुकत्याच डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या. घरी, एसटीत, चहाच्या गाड्यावर एकच चर्चा: देवीचा कोप झाला. कुणी म्हणे लोकांना शिस्त नाही. बाईंच्या डोक्यात मात्र अरुंद वाट आणि नारळाच्या पाण्यानं ओल्या झालेल्या पायऱ्या बसल्या. पाय घसरणारा माणूस भाविक होता की बेशिस्त, याची पायरीला काय पर्वा?

साताऱ्याचं दुसरं ठिकाण सगळ्यांच्या माहितीचं आहे. पुण्याहून येताना घाट चढून पलीकडं उतरतो तो रस्ता वेगळा, आणि साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उताराला लागतं ते एस आकाराचं वळण वेगळं. वाहनं तिथं वर्षानुवर्षं उलटत आली. 10 एप्रिल 2018 ला पहाटे विजापूरकडून शिरवळच्या बाजूला कामाला निघालेल्या मजुरांचा टेम्पो तिथं उलटला आणि 18 जीव गेले. बातम्यांत नेहमीचं वाक्य आलं, चालकाचा ताबा सुटला. दर वेळी ड्रायव्हर नवा असतो आणि वळण तेच असतं, हे एवढ्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नसेल असं नाही. पण ड्रायव्हरला अटक करता येते. वळणाला करता येत नाही, ते खोदावं लागतं, त्याला पैसे लागतात. ते वळण टाळणाऱ्या नव्या जुळ्या बोगद्याचं काम शेवटी हाती घेतलं गेलं, आणि त्यासाठी डोंगराला हात घालावा लागला. कुणाला उपदेश करून ते भागलं नाही.

मधल्या वर्षांत बाई जतकडं, आटपाडीकडं हिंडत राहिल्या. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना 2016 मध्ये आली आणि दुष्काळी माळावर डाळिंबाच्या, द्राक्षाच्या बागांना जीव आला. त्याबरोबर एक नवीच भानगड आली. तळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. विहिरीला निदान दगडाच्या खोबणी असतात. इथं पोहता येणारा गडीसुद्धा काठाला येऊन वर चढू शकत नाही, हातात धरायला काही लागतच नाही, तिथं पोराची काय कथा. आबांचे एक पाहुणे जतकडचे. त्यांच्या शेजारच्या तळ्यात चेंडूमागं गेलेलं पाच वर्षांचं पोर गेलं. मालकानं लगोलग फलक लावला, 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई'. बाई फलकासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाचायला शिकायच्या आतच गेलं की हो ते."

मग चारही कडांनी गाठी मारलेले दोर आत सोडून वर खुंटीला बांधले, ट्यूब ठेवली, आणि भोवती तारेचं कुंपण घेतलं. कुंपणाच्या खर्चावरून मालक कुरकुरला. बाईंनी त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा 2008 चा अहवाल सांगितला: जगात वर्षाला सुमारे 8 लाख 30 हजार पोरं निव्वळ अशा अपघातांनी जातात, गाडीखाली, पाण्यात, भाजून, पडून, विष पोटात जाऊन. आकड्यानं मालकावर फारसा परिणाम झाला नाही. शेवटी तार घ्यायला तो तयार झाला तो मेंढरं आत जातात म्हणून. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. मेंढरासाठी का होईना, तार आली.

असा कुणाच्या डोळ्यांत न भरणारा उद्योग त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केला. न घडलेल्या गोष्टीचा सत्कार कोण करणार? शाबूत राहिलेली बोटं मोजून दाखवता येत नाहीत.

मे 2021 मध्ये दिल्लीत दिनेश मोहन कोविडनं गेले. तारीख 21. संयुक्त राष्ट्रांचा रस्ता सुरक्षा सप्ताह त्या वर्षी 17 ते 23 मे असा होता, आणि त्याचं मागणं एवढंच होतं: जिथं माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर आहेत, तिथं वेग ताशी 30 किलोमीटरच्या वर नको. बाईंनी बातमी वाचली तेव्हा त्या स्वतः कोविड वॉर्डात होत्या, ड्युटीवर.

त्यानंतरच्या गळीत हंगामातली गोष्ट. आबांच्या गावातून कारखान्याकडं जाणारा रस्ता आहे. अलीकडं गाव, पलीकडं शाळा आणि टपऱ्या. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर जातो तेव्हा तो रखडत जातो, स्पीकर लावून सगळ्या शिवाराला सांगत जातो. भीती असते ती रिकाम्या ट्रॅक्टरची. खेपेवर पैसे, त्यामुळं ऊस खाली करून आलेला गडी वाऱ्यावर असतो. अशाच एका रिकाम्या ट्रॅक्टरनं फाट्यावर आबांच्या आठ वर्षांच्या नातवाला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. पोर वाचलं.

पोरांनी ड्रायव्हरला खाली ओढून बदडलं. एकोणीस वर्षांचा होता, शेजारच्या गावचा, आणि प्यायलेला नव्हता. संध्याकाळी सोपा भरला. कुणी म्हणालं, कारखान्यावर मोर्चा नेऊ. कुणी म्हणालं, फाट्यावरच्या म्हसोबाला गेल्या साली कोंबडं दिलं नाही. एकानं सहज विचारलं, "पर पोरगं शाळा सुटल्यावर पुना रस्ता वलांडून गेलंच कशाला?"

सोपा गप्प झाला. आबांनी पानाचं तबक बाजूला सारलं.

"म्या धाडलं. तंबाखूची पुडी आणाया."

कुणी काही बोललं नाही. इतकी वर्षं ज्यांनी बोट दाखवलं, त्यांच्याकडं बोट कुणी दाखवायचं? माणसं एकेक करून उठून गेली. आबा दोन दिवस जेवले नाहीत. सुनेच्या समोर यायचं टाळायला लागले. ती काही म्हणाली नव्हती, पण न म्हणण्यातही म्हणणं असतं.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. केस पिकलेले, पिशवी तीच. दवाखान्यातल्या रजिस्टरात गावाचं नाव दिसलं म्हणून आल्या होत्या. आबांना वाटलं, आता या विचारणार, कुणी धाडलं. ते तोंड घट्ट करून बसले. बाई म्हणाल्या, "आबा, फाट्यावर येता का जरा? टेपचं एक टोक धरायला माणूस पाहिजे."

पोर जिथून रस्त्यावर उतरलं, ती जागा टपरीवाल्यानं दाखवली. एसटीच्या निवाऱ्याच्या कडेला. बाईंनी तिथं खडूनं खूण केली.

"बसा इथं."

"आँ?"

"उकिडवं बसा. नातवाचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहेत. तेवढं खाली व्हा."

ऐंशीला टेकलेला तालमीतला गडी गुडघ्यांवर हात देत खाली बसला. बाई म्हणाल्या, "आता कारखान्याच्या बाजूला बघा. ट्रॅक्टर येतोय का?"

आबांनी मान वळवली. निवाऱ्याच्या कठड्याला आडवा फ्लेक्स बांधलेला होता. वरची कड साडेचार फुटांवर. उभ्या माणसाला त्याच्यावरून रस्ता वळणापर्यंत दिसत होता. खाली बसलेल्या आबांना दादांचा वाढदिवस दिसला. हार्दिक शुभेच्छा, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि डावीकडून तिसरे, फेट्यातले, हसणारे, ते स्वतः. त्यांच्या फोटोच्या मागं कुठंतरी रस्ता होता.

बराच वेळ ते तसेच बसून राहिले. बाई तोवर डांबरावर खडूनं हिशेब मांडत होत्या. रस्ता सात मीटर रुंद. पोराची चाल सेकंदाला मीटरभर, म्हणजे पलीकडं पोचायला सात सेकंद. ट्रॅक्टर ताशी 40 नं आला तर सेकंदाला 11 मीटर. म्हणजे पोर सुखरूप पलीकडं जायचं, तर पाऊल टाकताना गाडी पाऊणशे मीटरच्या पलीकडं पाहिजे, आणि तेवढं अंतर पोराला दिसलंही पाहिजे. फ्लेक्सच्या आडून दिसत होते वीस मीटर. त्यातून नऊ-दहा वर्षांच्या आतल्या पोराला समोरून येणाऱ्या गाडीचा वेग नीट ताडताच येत नाही, दिसली तरी.

"मंजी," आबा उठता उठता म्हणाले, "म्या धाडलं नसतं, तरी दुसरं कुणाचं तरी..."

"शाळेत किती पोरं आहेत?"

"दोनशे."

बाईंनी ते वहीत लिहिलं.

फ्लेक्स त्याच दुपारी उतरला. दादांचे कार्यकर्ते रागावले, पण स्वतः शुभेच्छुकच कात्री घेऊन उभा म्हटल्यावर बोलणार कोण? कारखान्यानं ट्रॉल्यांना मागं तांबडे रिफ्लेक्टर लावून द्यायचं कबूल केलं. गतिरोधकासाठी बांधकाम खात्याकडं अर्ज गेला. अर्जाचा मसुदा बाईंनी केला, त्यात मापासकट लिहिलं होतं: इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणं गोलाई 3.7 मीटर रुंद, मध्यभागी उंची 10 सेंटिमीटर, म्हणजे गाडी ताशी 25 नं विनाहिसका जाते आणि त्याहून जोरात गेली तर बसणाऱ्याला कळतं.

एका संध्याकाळी आबा एकटेच मळ्यातल्या वस्तीवर गेले. ती बाई आता सासू झाली होती, दोन बोटं गेलेली पोर कराडकडं नांदत होती. आबा अंगणातल्या कॉटवर टेकले. मशीन अजून कोपऱ्यात होतं, गंजलेलं. "वैनी," ते म्हणाले, "त्या वक्ताला म्या तुमच्यावर बोट दावलं. मशीनकडं बघितलंच न्हाई."

तिनं चहा ठेवला, कपबशी आणून दिली, समोर बसली. "लई वरसं झाली, आबा," एवढंच म्हणाली. 'असू द्या' असं काही ती म्हणाली नाही. आबांनी चहा संपवला आणि निघाले.

बांधकाम खात्याकडून उत्तर येईना. साहेब बदलले, फाईल टेबलावरून टेबलावर फिरली. तालमीतल्या पोरांना धीर निघेना. त्यांनी एका रात्रीत कुठून तरी डांबर आणि खडी आणून फाट्यावर आडवा बांध घातला. पहाटे अंधारात दूधवाला मोटारसायकलवरून आला आणि बांधावरून उडून कॅनसकट शेतात जाऊन पडला. हात खरचटला, चाळीस लिटर दूध मातीत गेलं.

सकाळी सोपा पुन्हा भरला. दूधवाला तावातावानं बोलत होता. पोरं एकमेकांच्या मागं लपत होती. डांबर कुणी आणलं, कल्पना कुणाची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त आबांनी नाव घ्यायचं बाकी होतं. आबांनी नातवाला हाक मारली. तो कुबडी टेकत आतून टेप घेऊन आला. सगळी फौज फाट्यावर गेली.

"उंची बघ."

"नऊ इंच, आबा."

"रुंदी?"

"दीड फूट."

"फोडा," आबा म्हणाले. "आन अर्जाची नक्कल घ्या, आज जिल्ह्याला जाऊ."

दूधवाला पुढं सरसावला. "आवं आबा, ते मोजमाप ऱ्हाऊ द्या की. ह्या पोरांतल्या कुणी केलं ते तरी सांगा. माज्या दुधाचं पैसं कोन देनार?"

"त्ये मी देतो," आबा म्हणाले. "तू आदी ह्या टेपचं टोक धर, आन पलीकडच्या कडंला जाऊन हुबा ऱ्हा."